इन्सुलिन पंप नवा असताना: पहिल्या दिवसापासून काय पाहायचं, काय करायचं

पंप मिळाला की पहिले दोन दिवस सगळं लक्ष बटणांकडे आणि स्क्रीनकडे जातं. बटणं चार दिवसांत हाताला बसतात. त्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसायला हवी: पंपावर असलेल्या माणसाच्या अंगात इन्सुलिनची शिल्लक नसते. पेनावर असताना लाँग-अ‍ॅक्टिंग इन्सुलिन घेतलं की ते चोवीस तास, काही प्रकारांत त्याहूनही जास्त वेळ, कातडीखालून झिरपत राहतं. जेवणाचा एखादा डोस चुकला तरी तळाला काहीतरी असतं. पंपात मात्र फक्त रॅपिड-अ‍ॅक्टिंग इन्सुलिन भरतात: लिस्प्रो, अ‍ॅस्पार्ट किंवा ग्लुलिसिन. पंप ते थेंबाथेंबानं सोडत राहतो आणि त्याचा परिणाम काही तासांत संपतो. नळी सुटली, कॅन्युला (कातडीखाली जाणारं बारीक टोक) आत वाकली किंवा रिझर्व्हॉयर रिकामा झाला, की दोन-तीन तासांत साखर चढू लागते आणि टाइप 1 असेल तर पाठोपाठ कीटोन, म्हणजे इन्सुलिनअभावी चरबी जळून होणारी आम्लं, तयार होतात. रात्री झोपेत नळी सुटली तर सकाळी उठेपर्यंत उलट्या सुरू झालेल्या असू शकतात.

पुढच्या जवळजवळ सगळ्या सूचना या एका गोष्टीतून निघतात. साखरेचे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत. आणि जिथे डोसचा हिशेब आहे तिथे तो समजण्यासाठी आहे. तुमचे आकडे तुमचे डॉक्टर ठरवतील.

सुटे भाग

पंपाच्या आत रिझर्व्हॉयर बसतो, म्हणजे इन्सुलिनची नळकांडी. ती बहुतेक 1.8 मिली किंवा 3 मिलीची असते. यू-100 इन्सुलिनमध्ये एका मिलीत 100 युनिट असतात, म्हणजे 180 किंवा 300 युनिट. पंपात यू-100च भरायचं. 40 युनिट प्रति मिलीची कुपी पंपात गेली तर पंप एक युनिट मोजेल आणि अंगात जेमतेम 0.4 युनिट जाईल. उलटी चूक त्याहून धोक्याची: अडचणीच्या वेळी यू-100 इन्सुलिन यू-40च्या सिरिंजनं मोजून घेतलं तर अडीच पट डोस जातो. घरात दोन्ही प्रकारच्या सिरिंज असतील तर यू-40च्या आजच बाजूला काढा.

रिझर्व्हॉयरपासून इन्फ्युजन सेट निघतो. एक बारीक नळी, साधारण 60 किंवा 110 सेंटिमीटर लांब, आणि तिच्या टोकाला चिकटपट्टीसकट कॅन्युला. सरळ 90 अंशांत जाणारी टेफ्लॉनची कॅन्युला 6 किंवा 9 मिलिमीटर लांब असते. तिरकी जाणारी 13 ते 17 मिलिमीटर. सडपातळ माणसांना, स्नायू घट्ट असणाऱ्यांना आणि लहान मुलांना तिरकी बहुतेक वेळा जास्त मानवते, कारण सरळ कॅन्युला स्नायूला टेकून वाकते. तिसरा पर्याय स्टीलच्या सुईचा. ती वाकत नाही, पण दर दोन दिवसांनी बदलावी लागते. टेफ्लॉन दोन ते तीन दिवस चालते. पॅच पंपाला बाहेरची नळी नसते. अख्खा पंपच अंगाला चिकटतो आणि साधारण तीन दिवसांनी तो पूर्ण बदलायचा.

ज्यांच्या कॅन्युला पुन्हा पुन्हा वाकतात त्यांनी आठ-दहा दिवस स्टीलची सुई वापरून बघावी. आकडे एकदम सुधारले तर दोष बेसलचा (पंप दिवसभर थेंबाथेंबानं सोडतो त्या इन्सुलिनचा) नव्हता, कॅन्युलाचा होता, हे कळून जातं.

सुरुवातीचे आकडे कुठून येतात

पंपावर इन्सुलिन कमी लागतं. म्हणून डॉक्टर बहुधा रोजच्या एकूण इन्सुलिनमधून 10 ते 25 टक्के कमी करून सुरुवात करतात. समजा पेनावर दिवसाला 40 युनिट लागत होते. 25 टक्के कमी केले की 30 उरले. त्यातले साधारण निम्मे बेसलला, म्हणजे 15 युनिट. भागिले 24, की तासाला 0.625. पंपात 0.6 टाकून सुरुवात होते. पहिल्या दिवशी चोवीस तास एकच दर ठेवणं चांगलं. सुरुवातीलाच सहा वेगवेगळे दर टाकले की कुठला चुकतोय ते शोधता येत नाही.

उरलेलं निम्मं जेवणाच्या बोलसचं, म्हणजे एका वेळी दिल्या जाणाऱ्या डोसचं. एक युनिट किती ग्रॅम कर्बोदकांना पुरतं याचा पहिला अंदाज 500 ला एकूण डोसने भागून मिळतो: 500 भागिले 30, साधारण 17 ग्रॅम. एक युनिट साखर किती उतरवतं ते 1800 ला एकूण डोसने भागून: 60. हे दोन्ही आकडे म्हणजे अंधारात ठेवलेलं पहिलं पाऊल आहे. महिन्याभरात ते बदलतात, बदलायलाच हवेत.

बोलस कॅल्क्युलेटर काय करतो ते एकदा कागदावर करून पाहा. जेवणात 50 ग्रॅम कार्ब (कर्बोदकं), साखर 220, लक्ष्य 120. जेवणासाठी 50 भागिले 17, म्हणजे 2.9 युनिट. साखर उतरवण्यासाठी 100 भागिले 60, म्हणजे 1.7 युनिट. पण दोन तासांपूर्वीच्या बोलसमधलं 1 युनिट अजून अंगात काम करतंय असं पंप दाखवतो, तर ते दुरुस्तीच्या, म्हणजे साखर उतरवण्याच्या, भागातून वजा होतं. 2.9 अधिक 0.7, एकूण 3.6 युनिट. या ‘अंगात शिल्लक बोलस’ला पंप अ‍ॅक्टिव्ह इन्सुलिन म्हणतो आणि तो तुम्ही टाकलेल्या कालावधीवरून मोजतो. हा कालावधी बहुतेकांसाठी 3 ते 5 तासांच्या दरम्यान असतो. तो मुद्दाम 2 तास ठेवला तर पंपाला वाटतं जुनं इन्सुलिन संपलं, आणि तो वरून आणखी देतो. जेवणानंतर साखर 250 दिसली म्हणून एक दुरुस्ती, तासाभरानं अजून 230 म्हणून दुसरी, मग तिसरी. तिन्ही एकत्र उतरतात तेव्हा साखर 50 वर येते. नव्या पंपावरचे बरेच लो, म्हणजे साखर फार उतरण्याचे प्रसंग, असे होतात.

कमाल बोलस आणि कमाल बेसल या दोन मर्यादा पहिल्याच दिवशी टाका. ज्याचा नेहमीचा बोलस 4-5 युनिटचा आहे त्याच्या पंपात 25 ची मर्यादा ठेवण्यात अर्थ नाही. बोटानं 4.5 ऐवजी 45 दाबलं जाऊ शकतं.

पंप सुरू करण्याच्या आदल्या दिवशीचं लाँग-अ‍ॅक्टिंग इन्सुलिन कधी घ्यायचं, किती घ्यायचं, हे आधी विचारून ठेवा. ते अंगात असताना पूर्ण बेसल सुरू झालं तर दोन बेसल एकावर एक चढतात. डेग्लुडेकचा परिणाम 40 तासांच्या पुढेही जातो, त्यामुळे ते घेणाऱ्यांना पहिले एक-दोन दिवस कमी बेसलवर ठेवलं जातं.

सेट बदलणं

या कामात घाई करू नका. पहिल्यांदा पाऊण तास लागतो, महिन्यानं दहा मिनिटं.

वेळ सकाळची किंवा दुपारच्या जेवणाआधीची ठेवा, झोपायच्या आधीची कधीच नाही. बदलल्यावर लगेच जेवणाचा बोलस गेला की नवी कॅन्युला मोकळी आहे का तेही कळतं, आणि काही बिघडलं तर तुम्ही जागे असता.

इन्सुलिन फ्रिजमधून तासभर आधी बाहेर काढा. थंड द्रवात हवा जास्त विरघळलेली असते. अंगाजवळच्या उबेत ती सुटते आणि नळीत बुडबुडे होतात. चालू कुपी 30 अंश सेल्सिअसच्या खाली 28 दिवस बाहेर राहू शकते, तेव्हा चालू कुपी बाहेरच ठेवली तर हा प्रश्नच येत नाही. उघडल्याची तारीख कुपीवर पेनानं लिहा.

हात साबणानं धुवा. रिझर्व्हॉयरमध्ये जेवढं इन्सुलिन घ्यायचं तेवढी हवा आधी कुपीत ढकला, कुपी उलटी धरा, दट्ट्या सावकाश ओढा. भसकन ओढला की फेस होतो. मग रिझर्व्हॉयर उभा धरून बोटाच्या नखानं टिचक्या मारा. शॅम्पेनच्या बुडबुड्यांइतके बारीक बुडबुडे चालतात; मोहरीएवढे वर आणून कुपीत परत ढकला. बुडबुडा अंगात गेला तर इजा होत नाही, पण तेवढी इन्सुलिनची जागा रिकामी जाते. नळीत इंचभर हवा म्हणजे साधारण अर्धा युनिट हुकला. तासाला 0.6 घेणाऱ्याचं ते जवळजवळ तासाभराचं बेसल झालं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नळी भरताना, म्हणजे प्राइम करताना, ती अंगाला जोडलेली असता कामा नये. लांब नळीत दहा-पंधरा युनिट किंवा जास्तही इन्सुलिन मावतं. जोडलेल्या नळीतून प्राइम केलं तर ते सगळं एका दमात अंगात जातं आणि जीवावर बेतू शकतं. जुना सेट अंगावरून काढला, तो टेबलावर डोळ्यांना दिसतोय, मगच रिझर्व्हॉयरला हात लावायचा. घरातल्या मुलाचा सेट दुसरं कुणी बदलत असेल तर ‘नळी सुटली का?’ असं मोठ्यानं विचारायची सवय लावा.

नळीच्या टोकाला थेंब दिसेपर्यंत भरा. एक नाही, चार-पाच थेंब पडू द्या.

जागा निवडताना बेंबीपासून 5 सेंटिमीटर लांब, कमरपट्ट्याच्या आणि पोटाच्या वळीच्या बाहेर. पोट, कमरेचा मागचा वरचा भाग, मांडीची बाहेरची बाजू, दंडाची मागची बाजू, या सगळ्या जागा चालतात. जुन्या जागेपासून किमान 2.5 सेंटिमीटर सरका. हातानं चाचपून पाहा: कातडीखाली रबरासारखी, न दुखणारी गाठ लागली तर ती जागा बाद, निदान काही महिने. अशा गाठींमध्ये इन्सुलिन कधी शोषलं जातं, कधी नाही. न दुखल्यामुळे तीच जागा पुन्हा पुन्हा वापरण्याचा मोह होतो आणि गाठ वाढत जाते.

स्पिरिटनं पुसलं की वाळू द्या, फुंकर मारू नका. ओल्या कातडीवर पट्टी दुपारपर्यंत सुटते. केस असतील तर आदल्या दिवशी कापून ठेवा. कॅन्युला घातल्यावर मार्गदर्शक सुई सरळ रेषेत ओढून काढा; तिरकी ओढली की मऊ टेफ्लॉन सोबत उपसलं जातं. मग कॅन्युलाची पोकळी भरायची: 6 मिलिमीटरला साधारण 0.3 युनिट, 9 मिलिमीटरला 0.5. नेमका आकडा सेटच्या पाकिटावर असतो. स्टीलच्या सुईला हे लागत नाही, ती नळीसोबतच भरलेली असते.

दोन तासांनी साखर पाहा. ही तपासणी चुकवू नका.

साखर चढली आणि उतरत नाही

साखर 250 च्या वर आहे आणि त्याचं कारण सांगता येत नाही, असं झालं की पहिला संशय सेटवर घ्या. बोटं धुवून ग्लुकोमीटरवर खात्री करा. कीटोन पाहा. रक्तातले कीटोन 0.6 मिलिमोल प्रति लिटरच्या खाली असतील (पुढचे कीटोनचे आकडेही याच एककात) तर पंपानं दुरुस्तीचा बोलस द्या आणि घड्याळ लावा. तास-दीड तासानं साखर उतरायला लागली तर ठीक.

उतरली नाही, तर पंपातून दुसरा बोलस देऊ नका. पहिला गेलाच नसेल तर दुसराही त्याच वाटेनं जाणार. दुरुस्तीचा डोस पेननं किंवा सिरिंजनं घ्या, आणि त्यानंतर सेट, नळी, रिझर्व्हॉयर सगळं बदला. इन्सुलिन उन्हात राहिलं असेल किंवा तारीख उलटली असेल तर कुपीही नवी घ्या. क्रम महत्त्वाचा आहे: आधी इंजेक्शन, मग सेट. सेट बदलायला अर्धा तास जातो, तेवढा वेळ अंग इन्सुलिनशिवाय ठेवायचं नाही. इंजेक्शनचं पंपाला माहीत नसतं. नोंद करायची सोय असेल तर ते टाका. पंप सेन्सरच्या (अंगावर लावलेल्या, साखर सतत मोजणाऱ्या यंत्राच्या) जोरावर आपोआप डोस देणारा असेल तर तीन-चार तास मॅन्युअलवर ठेवा, नाहीतर तो चढलेली साखर पाहून वरून आणखी देत राहील.

काढलेला सेट फेकण्याआधी उजेडात धरून बघा. कॅन्युलाचं टोक हॉकीच्या काठीसारखं वळलेलं असेल, तर ती आत शिरतानाच वाकली. नळीत लालसर रंग दिसला, तर सूक्ष्म रक्तवाहिनी लागली आणि रक्त साकळून वाट अडली. पट्टी बोटाला ओलसर लागली आणि तिला दवाखान्यासारखा उग्र वास आला, तर इन्सुलिन आत न जाता कडेनं बाहेर येत होतं. तो वास इन्सुलिन टिकवण्यासाठी घातलेल्या क्रेसोल, फिनॉलचा असतो. या गळतीत पंप गप्प राहतो, कारण त्याच्या दृष्टीनं द्रव पुढे सरकतोय. ऑक्लुजनचा, म्हणजे वाट अडल्याचा, अलार्म फक्त नळीत दाब वाढल्यावर वाजतो, आणि बेसल कमी असेल तर दाब वाढायलाच कित्येक तास लागतात. तेव्हा अलार्म नाही म्हणजे इन्सुलिन जातंय, असं धरू नका. पट्टीला रोज एकदा नाक लावून वास घेणं हा साधा उपाय आहे.

कीटोन 0.6 ते 1.5 असतील तर इंजेक्शन, नवा सेट, भरपूर पाणी, आणि दर तास-दोन तासांनी पुन्हा तपासणी. 1.5 च्या वर गेले की डॉक्टरांना फोन. 3 च्या वर, किंवा उलटी थांबत नाही, श्वास खोल आणि जोरात चाललाय, पोट दुखतंय, गुंगी येतेय, तर सरळ रुग्णालय. फोनवर वेळ घालवू नका. लघवीची पट्टी वापरत असाल तर ती दोन-चार तास जुनी परिस्थिती सांगते हे ध्यानात ठेवा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या वर्गातली गोळी चालू असलेल्यांना साखर 200 च्या आत असतानाही कीटोन वाढू शकतात, त्यांनी मळमळ झाली की साखर कितीही असो, कीटोन पाहावेत.

साखर उतरली तर

70 च्या खाली आली की 15 ग्रॅम ग्लुकोज, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा पाहायचं. साध्या साखरेचे चार सपाट लहान चमचे पाण्यात विरघळवले की साधारण 16 ग्रॅम होतात. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर सावकाश शोषली जाते. पंप आपोआप बेसल थांबवणारा असेल तर तो आधीच कमी देत असतो, म्हणून अशांना बरेचदा 5 ते 10 ग्रॅम पुरतात. सवयीनं 20 ग्रॅम खाल्ले की तासाभरात 220.

पंप बंद करून चालू लो भरून येत नाही. आत्ता थांबवलेल्या बेसलचा परिणाम अर्ध्या-पाऊण तासानंतर दिसतो, आणि हाताला कंप असताना बंद केलेला पंप पुन्हा चालू करायचं राहून जातं. आधी तोंडात ग्लुकोज. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही: नळी सोडवायची, ग्लुकॅगॉन (साखर चढवणारं औषध) द्यायचं, मदत बोलवायची. नळी कशी सोडवतात हे घरातल्या दोघांना तरी हातात घेऊन करता आलं पाहिजे. बटणं शिकवत बसू नका, नळी सोडवणं पुरतं.

बेसल तपासणं

बेसल नीट नसेल तर बाकीचे सगळे आकडे खोटे वाटतात. जेवणाचा बोलस कमी पडला की बेसल, हे ओळखू येत नाही. म्हणून पहिल्या पंधरवड्यात रात्रीचं बेसल तपासा, मग दिवसाचं तुकड्या-तुकड्यानं.

रात्रीसाठी: लवकर जेवा, हलकं आणि नेहमीचं. शेवटचं खाणं आणि शेवटचा बोलस होऊन चार तास झाल्यावरच मोजायला लागा. झोपताना, 12 ला, 3 ला, 6 ला साखर पाहा, किंवा सेन्सरची रेघ. साखर 30 पेक्षा जास्त चढली-उतरली नाही तर बेसल बरोबर आहे, मग ती 110 वर सरळ असो की 150 वर. साखर 70 च्या खाली किंवा 250 च्या वर गेली की चाचणी थांबवून उपचार करा. ज्या दिवशी लो झाला, दमछाक झाली, ताप आहे, त्या रात्रीची चाचणी धरू नका.

पहाटे 3 ते 6 मध्ये साखर चढत असेल तर बेसलचा दर 3 वाजता वाढवून उपयोग नाही. इन्सुलिनला कामाला लागायला वेळ हवा. बदल एक-दोन तास आधी, म्हणजे 1 किंवा 2 वाजल्यापासून करायचा. एका वेळी साधारण 10 ते 20 टक्के: 0.60 चा 0.65 किंवा 0.70. मग दोन-तीन रात्री तोच ठेवून पाहायचा. एका रात्रीच्या आकड्यावरून बदल करू नका. दिवसासाठी हेच: एकेक जेवण टाळून किंवा पुढे ढकलून त्या वेळेचा तुकडा तपासायचा.

बेसल अचानक उलटंपालटं वाटलं तर घड्याळ बघा. बॅटरी बदलल्यावर सकाळचे 10 च्या जागी रात्रीचे 10 लागले की दिवसाचे दर रात्री चालतात.

जेवणं

कार्ब मोजणं टळत नाही. पहिला महिना स्वयंपाकघरात वजनकाटा ठेवा. त्यानंतर डोळा तयार होतो. बोलस जेवणाच्या 15 ते 20 मिनिटं आधी द्या. साखर 80 असेल तर मात्र जेवायला बसतानाच. जेवायला लागल्यावर आठवलेला बोलस हे जेवणानंतरच्या उंच आकड्यांचं सगळ्यात नेहमीचं कारण आहे, आणि त्यावर कुठल्याही सेटिंगनं उपाय होत नाही.

तेलकट-तुपकट किंवा भरपूर प्रथिनांच्या जेवणात साखर उशिरा, तीन ते सहा तासांनी चढते. अशा वेळी ड्युअल बोलस: काही भाग लगेच, उरलेला दोन-तीन तासांत पसरून. 60-40 ने सुरुवात करा आणि तेच जेवण पुन्हा आलं की नोंद पाहून बदला. पोट सावकाश रिकामं होण्याचा त्रास असलेल्यांना पसरून दिलेला बोलसच बरा पडतो.

पंप काढून ठेवणं, व्यायाम, झोप

अंघोळ, पोहणं यासाठी नळीचा पंप काढता येतो, पण एका वेळी तासाभरापेक्षा जास्त नाही. काढण्याआधी साखर पाहा, आणि परत जोडल्यावर स्क्रीनवर ‘चालू आहे’ हे डोळ्यांनी वाचा. एमआरआयच्या खोलीत पंप न्यायचाच नाही; एक्स-रे, सीटी आणि विमानतळावरच्या स्कॅनरबाबत आपल्या पंपाच्या पुस्तिकेत काय लिहिलंय ते पाहा, बऱ्याच पंपांना ते चालत नाही. खूप गरम पाण्यात बसल्यावर कातडीत रक्त वाढतं आणि इन्सुलिन भराभर शोषलं जातं, तेव्हा लोची तयारी ठेवा.

धावणं, सायकल, भरभर चालणं असेल तर तात्पुरतं बेसल निम्म्यावर आणा, आणि ते 60 ते 90 मिनिटं आधी. व्यायाम सुरू करताना कमी केलं तर त्याचा उपयोग घरी परतल्यावर होतो. लांबलचक व्यायामानंतर रात्री उशिरा साखर उतरू शकते. त्या रात्री बेसल साधारण 20 टक्के कमी ठेवण्याबद्दल डॉक्टरांशी बोलून ठेवा. उलट, वजनं उचलणं किंवा छोट्या जोरकस धावा यांत साखर आधी चढते. ती लगेच दुरुस्त करायला जाऊ नका.

झोपताना पंप कुठे ठेवायचा हा प्रश्न सगळ्यांना पडतो. खिशात, पट्ट्यात, उशीजवळ, कुठेही चालतो. जास्तीची नळी गुंडाळून पट्टीनं अंगाला चिकटवली की कशात अडकून ओढली जात नाही.

सेन्सर आणि आपोआप डोस

सेन्सर जोडलेला पंप पाच-पाच मिनिटांनी बेसल कमी-जास्त करतो. पहिला असा पंप 2016 मध्ये अमेरिकेत मंजूर झाला. यानं रात्री फार सुखाच्या होतात, हे खरं. पण जेवण त्याला तुम्हीच सांगायचं असतं. सेन्सर रक्तातली नाही तर पेशींमधल्या द्रवातली साखर मोजतो आणि 5 ते 10 मिनिटं मागे असतो. साखर भराभर बदलत असेल किंवा आकडा आणि अंगातली लक्षणं जुळत नसतील तर बोटातून तपासा. सेन्सरच्या कुशीवर झोपलं की दाबामुळे खोटा लो दिसतो, कूस बदलली की दहा-पंधरा मिनिटांत रेघ वर येते.

न खाल्लेले कार्ब टाकून पंपाकडून जास्त इन्सुलिन काढून घेऊ नका. पंप त्या आकड्यांवरच पुढचे हिशेब करतो. चढलेली साखर वारंवार दिसते तर कार्ब गुणोत्तर (एक युनिट किती ग्रॅम कार्बला पुरतं तो आकडा) बदलून घ्या.

दर पंधरा दिवसांनी रिपोर्ट काढला की दोन आकडे पाहा: 70 ते 180 मध्ये किती वेळ गेला, आणि 70 च्या खाली किती. बहुतेक प्रौढांसाठी पहिला 70 टक्क्यांच्या वर आणि दुसरा 4 टक्क्यांच्या आत असावा, असं 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी ठरवलं. आधी खालचा आकडा सुधारा, मग वरचा.

आजारपण आणि जवळची पिशवी

ताप, जुलाब, काही खाता येत नाही, अशा दिवशी पंप बंद करू नका. जेवण नसलं तरी बेसल लागतंच, तापात बरेचदा जास्त लागतं. दर दोन-तीन तासांनी साखर आणि कीटोन पाहा.

पिशवी रोज सोबत हवी, पंप विश्वासाचा झाल्यावरही. तीत एक पूर्ण सेट आणि रिझर्व्हॉयर, इन्सुलिन, रॅपिड-अ‍ॅक्टिंगचं पेन आणि सुया, ग्लुकोमीटर, कीटोनच्या पट्ट्या, बॅटरी किंवा चार्जर, ग्लुकोज, ग्लुकॅगॉन. घरी लाँग-अ‍ॅक्टिंगचं एक पेन फ्रिजमध्ये असू द्या. सहा महिन्यांनी तारीख बघा. आणि एका कागदावर सगळी सेटिंग: तासाचे बेसल दर, कार्ब गुणोत्तर, दुरुस्तीचा आकडा, लक्ष्य, अ‍ॅक्टिव्ह इन्सुलिनचा कालावधी, वर तारीख. पंप बिघडला की स्क्रीन काळी असते, आकडे तिथून वाचता येत नाहीत. सेटिंग बदलली की कागद बदला.

पंप पूर्ण बंद पडला तर त्या कागदावरून दिवसाचं एकूण बेसल मोजा. तेवढ्या, किंवा डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलेल्या युनिटचं लाँग-अ‍ॅक्टिंग इन्सुलिन घ्या, आणि जेवणांना पेन. लाँग-अ‍ॅक्टिंग कामाला लागायला काही तास लागतात. तोवर रॅपिडचे छोटे डोस लागू शकतात. बदली पंप हातात आला की इंजेक्शन किती वाजता घेतलं होतं ते आधी पाहा. चोवीस तास झाले नसतील तर तेवढा वेळ बेसल शून्यावर किंवा अगदी कमी ठेवून पंपातून फक्त बोलस घ्या, आणि बेसल पूर्ववत करायच्या वेळेचा गजर फोनवर लावून ठेवा.